या वेळी पुढे मी आहे

१४ जुलै, रविवार दुपार

चि. गेंड्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत, तूही असशील. फोन उचलत नाहीस, आपल्या ऑनलाइन गेममध्ये फिरकत नाहीस, म्हणून हाताने लिहितेय. माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचास, तेव्हा जरा सावकाश वाच.

आधी आपल्या गटाची खबर. तू गेलास आणि आमची पार दैना झाली. ढाल घेऊन पुढे उभा राहणारा टँक नसेल, तर डंजनच्या भुयारात पाऊल टाकायची सोय नाही. शेवटी गटातला मिस्त्री म्हणाला, "ताई, ढाल तुम्हीच घ्या. गेंड्याला सगळ्यात जवळून तुम्ही बघितलंय." म्हणून मी टँक झाले आणि माझं जखमा भरायचं हीलरचं काम आपल्या मामेबहिणीच्या, चिमणीच्या गळ्यात पडलं. ती जन्माची तिरंदाज! आम्ही मरायला टेकलोय आणि ही बाई जखमा भरायच्या सोडून बाण मारत बसलीय. ओरडलं तर म्हणते, "सवय आहे हो, हात तिकडेच जातो."

पण खरा घोळ मी घातला. शेवटच्या, आग ओकणाऱ्या अजगराचं तोंड भिंतीकडे धरून ठेवायचं असतं. तू तिथे दगडासारखा उभा राहायचास. मला मात्र मागे कुणाला लागलं की राहवतच नाही. मी चिमणीकडे धावायचे, अजगर माझ्यामागे वळायचा आणि त्याची आग सगळ्यांच्या अंगावर. परवापर्यंत दर खेपेला अख्खा गट खलास. मिस्त्री वैतागून म्हणाला, "ताई, तुमच्या मायेनेच मेलो आम्ही."

मी हसले. पण लागलं ते.

आठवतं, आईला एकदा हा खेळ समजावून सांगितला होता? हा पुढे उभा राहून मार खातो आणि मी मागून त्याच्या जखमा भरते. त्यावर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग घरात वेगळं काय चालतं?"

तू पक्की नोकरी सोडून कॅमेरे दुरुस्त करायला लागलास तेव्हाही बाबांच्या पुढे तू एकटाच उभा होतास. नंतर निघूनच गेलास. मला वाटायचं, तुझी कातडीच जाड. ढाल हातात घेतल्यावर कळलं, कातडी कुणाचीच जाड नसते रे. लागतं सगळं. फक्त वळायचं नसतं.

बरं, किती वेळ गेमच्या गप्पा मारू? आम्ही मजेत नाही आहोत. आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. शुक्रवारी ऑपरेशन. तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला शपथ घातली होती. "तो येईल आणि पुन्हा दोघं दारातच भांडतील. मला नाही बघवायचं." पण काल दवाखान्याची बॅग भरताना तिने तुझा जुना, कोपरावर विरलेला स्वेटर गुपचूप तळाशी सरकवला. मी पाहिलं.

म्हणून आज सकाळी मी आईच्या खोलीचं दार अडवून बाबांसमोर उभी राहिले. ते चहा पीत होते. म्हटलं, "बाबा, मी त्याला बोलावतेय."

कप आपटला. "तो या घरात आला, तर मी बाहेर पडेन!"

आतल्या खोलीत आई कण्हली. माझी मान वळायला लागली होती, गेंड्या. पण देवाशपथ, मी वळले नाही. "काय बोलायचं ते आत्ता मला बोला," मी म्हटलं. "तो आला की त्याला आणि आईला एक शब्द नाही."

मग ते बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी दार सोडलं नाही. शेवटी ते दमले, खुर्चीत टेकले, आणि सांडलेला चहा बाहीनेच पुसत म्हणाले, "येईल का तो?"



शुक्रवारच्या आत ये. तुझी ढाल आता माझ्याकडे आहे, ती मागू नकोस. तू आत जायचंस आणि आईचा हात धरायचास. बाबांचा आवाज चढलाच, तर तू मान वळवू नकोस. सवयीने हात ढालीकडेच जाईल, चिमणीचाही बाणाकडे जातो. पण कालच्या खेपेला तिने बाण खाली ठेवून जखमा भरल्या, आणि आम्ही वाचलो.

दार धरून उभी असलेली,
तुझी ताई