मायऱ्यातली गळाभेट

रतलाम, ९ मे १९९३

ती. कंचनजीजीस,
शि. सा. न. वि. वि.

विहिरीवरचा पंप, देवळाचा पितळी कळस, माझं लेथ, तुझ्या ललिताच्या लग्नातलं कपाट, सगळं याच हातांनी घडवलं. कुणी शिकवलं नाही. त्याच हातांनी परवा भाचीच्या लग्नाचा मायरा, मामाकडचा आहेर, घेऊन तुझ्या दारात आलो, तुला चुनडी पांघरली आणि गळाभेटीला तू पुढे झालीस तेव्हा चारचौघांत मागे लोटलं.

दिवाळीनंतर इंदूरला झालं ते हर्नियाचं ऑपरेशन नव्हतं. आतड्यात गाठ होती. केलं त्याला कोलोस्टॉमी म्हणतात: मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात, मळ तिथून पिशवीत येतो. लोक पिशवीलाच कोलोस्टॉमी म्हणतात, ते चूक. माझी कायमची आहे. तू मिठी मारतेस ती हाडं मोडतील अशी. पिशवी सुटली असती, नव्या चुनडीवर. जिजाजींना सांगू नकोस.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
भेरू

मंदसौर, १७ मे

चि. भेरूलालास,
अ. उ. आ.

वेड्या, तुझी दुपटी धुतली कुणी? मला शिसारी येईल असं वाटलंच कसं तुला? आणि लाजेने मरतानाही कशाला काय म्हणायचं ते शिकवायचं सोडलं नाहीसच!

इथे मात्र थोरले दीर लग्नाच्या दाल-बाफल्यांच्या पंगतीत मोठ्याने म्हणाले, की सख्ख्या भावाने लोटलं म्हणजे हिनेच काही काळं केलं असणार. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. पौर्णिमेला यावरच समाजाचे पंच बसतील. तू म्हणशील तर मी गप्प राहीन. पण जेवत जा.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
जीजी

रतलाम, २५ मे

ती. जीजीस,
शि. सा. न. वि. वि.

पौर्णिमेला येतो. पंचांपुढे काय बोलायचं ते लेथ चालू ठेवून बोलून पाहिलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आतड्यापर्यंत नीट येतं, पुढे जीभ अडते. सदरा वर करायला लावला तर करीन. मान मात्र वर होणार नाही. जिजाजींना माझं आधीचं पत्र दाखव. गळाभेट तिथेच होऊ दे. माझ्या उजव्या अंगाने ये, पिशवी डावीकडे आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भेरू

ता. क. काल पंचांचा माणूस आला होता. म्हणाला, बहिणीला लोटल्याचा दंड भरा, कारण कुणी विचारणार नाही, विषय मिटला. म्हणजे माझी लाज झाकली जाईल आणि डाग तुझ्यावर राहील. मी नाही म्हटलं. दंड एकशे एक रुपये होता.