बाहेरच्या वळणावरून येणारी

अल ऐन,
१२ जून २०२५

चि. अस्मिता,

तुला एक गोड पापा आणि आईला नमस्कार. पण हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. फोनवर बोलताना तिचे कान स्पीकरलाच चिकटलेले असतात, म्हणून हा कागदाचा खटाटोप. आमच्या शाळेतला रोशन उद्या पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतेय.

इथे उन्हाने जीव नकोसा झालाय, आणि तुझा भाचा रोज संध्याकाळी स्वेटर चढवून बर्फावर जातो! मॉलमधल्या रिंकवर त्याला विप्के शिकवते. हॉलंडची आहे. पाच हजार मीटर स्केटिंगमध्ये तिने एके काळी जग गाजवलंय. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीही आमच्यासारखीच या वाळवंटात येऊन पडली. पन्नाशी उलटलीय, पण मांड्या अशा की पैलवानाने वाट सोडावी.

पहिल्या दिवशी मी वेदांगला आईने विणलेले लोकरीचे मोजे घातले, वर आणखी एक जोड. विप्के खो खो हसली. ते लोक बुटात मोजेच घालत नाहीत! पात्याखालचा बर्फ तळव्याला कळायला हवा, म्हणतात. मग तिने त्याच्या पुढ्यात चक्क एक खुर्ची ठेवली. "ढकल. मीसुद्धा अशीच शिकले. यल्ला, चल!" तिच्या गावी गोठ्यामागचा कालवा गोठला की वडील स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर नेऊन ठेवायचे. पहाटे गाईंच्या धारा, मग सराव, मग शाळा. मला ऐकूनच हुडहुडी भरली. अस्मी, मी या बाईच्या प्रेमातच पडलेय.

परवा वेदांगने तिची जुनी ऑलिंपिकची शर्यत मोबाईलवर लावली. दोघीजणी एका वेळी धावतात, एक आतल्या लेनमधून, एक बाहेरच्या. अंतर दोघींना सारखं पडावं म्हणून प्रत्येक फेरीला लेन बदलायची. एका फेरीला बदलायच्या जागी दोघी एकदमच पोचल्या. विप्के आतून येत होती. तिने वेग आवरला, दुसरीला जाऊ दिलं, आणि पदक थोडक्यात हुकलं.

"मम्मा, शी शुड हॅव जस्ट गॉन!" वेदांग कळवळला.

मीही तिला विचारलं, राग नाही आला?

"आला की! बूट भिंतीवर फेकला," ती म्हणाली. "पण नियमच तसा आहे. बाहेरून येणारी लांबचं वळण घेऊन आलेली असते, तिला आधी जाऊ द्यायचं." पुढे ती कित्येक हिवाळे धावली, जगज्जेतीही झाली. पण ते पदक काही मिळालं नाही.

घरी येऊन भांडी घासताना तुझा मेसेज डोळ्यांपुढे आला. खोटं कशाला बोलू, तो विसरले नव्हतेच. गोव्याच्या समुद्र संशोधन संस्थेत तुला एक तारखेला रुजू व्हायचंय, आणि वर्षभर आईजवळ येऊन राहशील का, असं तू विचारलंस. मी उत्तर म्हणून वेदांगचे फोटो पाठवत बसले. कारण मला इथे शाळेत सुपरवायझर करणार होते. ती खुर्ची मला किती हवी होती, तुला माहीतच आहे.

आईला झटका आल्यापासून तू तिला उठवतेस, न्हाऊ घालतेस, भरवतेस. मी वर्षातून एकदा खजूर घेऊन उगवते आणि सगळी आळी माझंच कौतुक करते. मला तुझा फार अभिमान वाटतो गं. तोंडावर कधी म्हटलं नाही, आज लिहितेय.

काल प्रिन्सिपॉल मॅडमना नाही म्हणून आले. चारुदत्त म्हणाला, "डोन्ट वरी, अनु. वेदांगचं मी मॅनेज करतो. खलास!" त्याला साधा वरणभात येत नाही, पण शिकेल.

पंचवीस तारखेचं तिकीट काढलंय. आईची औषधं कधी द्यायची, तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, ते सगळं मला शिकव आणि निघ. रडलीस तर मार खाशील.

आईच्या खोलीत आता माझं अंथरूण घाल.

तुझी,
अनुताई