जागच्या जागी काचा

आई, तुला वाकून नमस्कार. मी मजेत आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

इथे उद्या मतमोजणी. जिंकेल त्याच्या माणसांना शिपायापर्यंतच्या नोकऱ्या, हरेल त्याच्या गल्लीत साधा दिवा लागत नाही. मग हरायला तयार कोण होणार? मागच्या मोजणीला दगडफेक झाली, तेव्हापासून आदल्या दिवशी दुकानांच्या काचा उतरवायची पद्धत पडली. ते काम आमच्या काचेच्या दुकानाकडेच असतं.

यंदा मालकांनी स्वतःच्याच काचा काढू दिल्या नाहीत. म्हणाले, "काढल्या तर लोक समजतील, आम्ही हरणार." समोर त्यांच्या सख्ख्या भावाचं दुकान, तो दुसऱ्या पक्षाचा. त्याच्याही काचा जागच्या जागी.

ताईचा खोकला थांबला का?

माझ्या खिडकीची काच मी काढून पलंगाखाली ठेवलीय. वारा छान येतो.

तुझा,
धाकटा