आधी नट, मग चाकू

३ फेब्रुवारी, सोमवार

गेली! डबा, पाण्याची बाटली आणि माझा चांगला चाकू घेऊन ही आज सकाळच्या बसनं त्या मोठ्या कारखान्यात गेली. महिनाभर रोज जायचं, संध्याकाळी परत. तिथल्या नव्या मुलींना केबलला कनेक्टर बसवायला शिकवायचं आहे म्हणे. वर्कशॉप माझं, पाटीवर नाव माझं — आणि बोलावणं हिला!

मी म्हटलं, "अगं, तुला हे शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. म्हणून तर मला पक्कं ठाऊक आहे, कसं शिकवायचं नाही ते."

आणि दार ओढून घेतलं. 

४ फेब्रुवारी, मंगळवार

आता आम्ही तिघं. मी, मावशी आणि बांबू. मावशी कुणाची मावशी ते तिलाही आठवत नसेल, पण सगळे तसंच म्हणतात. बांबू चाळिशीचा आहे, उंची दाराच्या चौकटीएवढी. खांबावर चढून केबल लावायची कामं त्याची.

केबली मापात कापून टेबलाटेबलावर वाटायचं काम एरवी ही करायची, मग स्वतःचं टेबल. आजपासून ते मावशीकडे दिलं. मावशीचं माप चांगलं आहे. बोलणं मापात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बांबू नट विसरला! हिच्या गैरहजेरीतला पहिला. खरंतर यात विसरण्यासारखं काय आहे, ते मला आजवर समजलेलं नाही. केबलच्या मधे तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी, वरून काळं साल. टोकाला कनेक्टर बसवायचा तर साल सोलायचं, जाळी मागे पसरायची, तारेला पिन सोल्डर करायची, सगळं कनेक्टरच्या धडात सारायचं आणि मागून नट आवळायचा. हा नट केबलमध्ये सगळ्यात आधी ओवावा लागतो, सालाला चाकू लावायच्याही आधी. एकदा जाळी पसरली, पिन बसली की तो पुढून आत शिरत नाही. सुंदर, चकचकीत जोड तयार होतो आणि नट टेबलावर बसून तुमच्याकडे बघत असतो! मग टोक कापा, पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मी स्वतःच्या हातानं भिंतीवर रंगवलंय — "आधी नट, मग चाकू". त्याखाली नियम — "ज्याची चूक, त्याच्या गळ्यात". म्हणजे राहिलेला नट दोऱ्यात ओवून दिवसभर गळ्यात घालायचा, आणि सगळ्यांना चहा.

बांबूनं घातला आणि वर आरशात बघून आला. म्हणाला, "दादा, शोभतोय की!"

आजवर सगळ्यांनी घातलाय. सगळ्यात जास्त हिनं. नटराणीच म्हणतो आम्ही तिला! मी एकदाही नाही. वर्कशॉप सुरू झाल्यापासून एकदाही नाही. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. जे शिकलो ते बिघडलेले रेडिओ उघडून, आणि परत बंद केल्यावर हातात काय उरलं ते बघून. जो असं शिकलाय तो विसरत नाही. हाताला सवयच लागते — सदऱ्याची बटणं लावल्यासारखी. लावताना कुणाला आठवतं का?

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक गच्चीवरून ओरडली, "बाबा, चमत्कार! आपल्या घरात चिमटे उरले!"

खरंच. कपडे दोरीवर सगळे वाळत घातले तरी टोपलीत मूठभर चिमटे. एरवी घरातले चिमटे ही वर्कशॉपमध्ये नेते — केबल कापली की टोकाजवळ एक चिमटा लावायची हिला खोड. मी काम सुरू करताना तो काढून बाजूला टाकतो. कशाला लावतेस म्हणून एकदा विचारलंही होतं. "असू द्या, बरं असतं," म्हणाली. बायकांच्या काही गोष्टी विचारू नयेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिच्या अंगात नवं वारं शिरलंय. चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात! तिकडे भलंमोठं दालन, डोक्यावर पांढरे दिवे, प्रत्येकीला भिंग. मुली हिला "मॅडम" म्हणतात. एक मुलगी डावखुरी आहे, तिचं टेबल हिनं उलटं मांडून दिलं, आता ती सगळ्यांत पुढे.

आणि माझा नियम तिथल्या भिंतीवर लावलाय! माझे शब्द, जसेच्या तसे. मी ताटात बघत पोळी मोडत राहिलो. पण दुसरी पोळी वाढताना म्हणाली, "हसा हो, कर नाही त्यावर."

लेक म्हणते, आई दहा वर्षांनी लहान झाली. मग माझ्या मुली म्हणून दोघींना सांभाळू का?

१० फेब्रुवारी, सोमवार

कारखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन. आवाज गोड, बोलणं सरळ. म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी कमाल केली. सगळ्या मुलींसमोर रोज करून दाखवतात, पण आठवडाभरात एकदाही नट विसरल्या नाहीत. हात चुकतच नाहीत हो त्यांचे!"

मला इतकं हसू फुटलं की मावशी धावत आली. म्हटलं, "बाई, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. आमची ही म्हणजे विसरण्यात पहिला नंबर!"

"नाही नाही, त्यांच्याबद्दलच. आम्हाला त्या कायमच्याच हव्या आहेत. शिकवणाऱ्यांच्या प्रमुख म्हणून."

म्हटलं, तिलाच विचारा, आणि फोन ठेवून दिला.

संध्याकाळी हिनं स्वतःच विषय काढला. "शुक्रवारपर्यंत सांगायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ." मनात होतं — जाऊ नकोस. तोंडातून निघालं हे. माझं तोंड आणि माझं मन यांच्यातला जोड मीच केलेला असणार. इतका घट्ट की आतलं बाहेर येत नाही.

"बरं," म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली. चिरण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी — "दादा, तिला सांगा की, राहा म्हणून. तोंड झिजेल का?"

मी — "मी कशाला सांगू? माझं काय अडलंय?"

 मावशी गप्प बसली म्हणजे काहीतरी भयंकर आहे!

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहू की नको? लिहितो. ही वही कोण वाचतंय.

ही गेल्यापासून फोन आणि हिशेबातच अडकलो होतो, टेबलावर आज पहिल्यांदा बसलो. टेकडीवरच्या रेडिओ केंद्राची केबल. खांबाच्या टोकापासून खालच्या पेटीपर्यंत, एकसंध, जाड. अशी केबल मी स्वतः करतो, आणि एक बोटही जास्त ठेवत नाही — जास्तीची केबल म्हणजे माप न येणाऱ्याचा आधार! एक टोक केलं. फर्स्टक्लास. दुसरं टोक केलं. पिन सरळ, जाळी पिसाऱ्यासारखी पसरलेली, डोळे निवावेत असा जोड. नट घ्यायला हात मागे नेला —

नट डबीत होता.

मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तोही माझ्याकडे. पलीकडच्या टोकाकडून ओवावा तर तिथं कनेक्टर बसलेला. मावशी आणि बांबू चहाला गेले होते. मी टोक कापलं, कापलेलं खिशात घातलं, नवा कनेक्टर काढला, सगळं पुन्हा केलं. कपाळावरचा घाम पुसतोय तोवर दोघं परत.

"दादा, एवढे लाल का झालात?"

"इस्त्रीजवळ बसलो होतो." आमच्याकडे सोल्डरच्या त्या तापत्या कांडीला इस्त्रीच म्हणतात, त्यामुळे खोटं अगदीच खोटं नव्हतं.

नट खिशात आहे. चालताना मांडीला लागतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळीच टेकडीवरून बांबूचा फोन. "दादा, केबल पोहोचत नाही. चार बोटं कमी!"

"थंडीनं आकसली असेल."

"थंडी? मी इथं घामानं निथळतोय!" मग जरा थांबून, "दादा, तुमचं माप आणि कमी?"

"पेटी पुढे सरकव चार बोटं, आणि बडबड कमी कर."

पेटी सरकवली. केबल बसली. चाचणीला सिग्नल झकास! पण बांबू मूर्ख नाही.

दुपारी पुन्हा झालं. साधी, हातभर लांबीची केबल — आणि पुन्हा नट डबीत! या वेळी मावशी समोरच होती. तिनं बघितलं, मी बघितलं, तिनं खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यानं मला उगाचच राग आला. म्हटलं, "मावशी, तू केबल कापून देताना नट ओवून का दिला नाहीस?"

तोंडातून निघून गेलं, आणि मीच चपापलो. असं मी कधी कुणाला सांगितलं होतं? कापणाऱ्यानं नट ओवून द्यायचा, असं कुठे ठरलं होतं?

मावशी हळूच म्हणाली, "माझ्या केबलीत तिनं कधी ओवून दिला नाही, दादा. बांबूच्याही नाही."

मग मला चिमटे आठवले. टोकाजवळ चिमटा, त्याच्या मागे नट — सरकून खाली पडू नये म्हणून! मी रोज चिमटा काढत होतो आणि नट आपोआप तिथं असायचा. बटणांसारखा. सवय माझ्या हातांची होती होय! आणि ही माझे नट ओवताना स्वतःचे विसरायची, गळ्यात घालून हिंडायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचो मी.

नटराणी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ही निघायच्या आत दारात उभा राहिलो. हातात एक चिमटा. म्हटलं, "हे कधीपासून?"

चिमट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा वाटलं, उडवून लावेल. मग पायरीवर बसली.

"वर्कशॉपच्या पहिल्या महिन्यातच विसरला होता तुम्ही. भिंतीवरचा रंगसुद्धा ओला होता. तुम्ही फोनवर होता, मी तो नट उचलला आणि माझ्या गळ्यात घातला. तुम्ही आलात आणि हसलात मला. मग म्हटलं, चला, हेच बरं."

"सांगितलं नाहीस?"

"मावशी नट घालून गप्पा मारते. बांबू नट घालून आरसा बघतो. तुम्ही दोन दिवस जेवला नसता."

खरं आहे. जेवलो नसतो. कालही जेवलो नाही. तिला सांगितलं, पोट बिघडलंय.

रात्रीपासून एक वाक्य तयार करून ठेवलं होतं — "परत ये, तुझ्यावाचून माझं अडतं." ते ओठांवर आलंच. मग डोक्यात आलं, अडतं म्हणूनच तर बोलावतोय! तिथं ती स्वतःचे नट ओवते. डावखुऱ्या मुलीचं टेबल उलटं मांडते. बसमधून उतरताना गुणगुणते.

म्हटलं, "त्यांना हो सांग."

"आणि तुमचं?"

"माझे मी ओवीन. बोटं आहेत अजून जागेवर."

माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. मग, "चिमटे मात्र घरचे नेऊ नका. विकत आणा," म्हणाली आणि उठली. बस चुकता चुकता मिळाली. खिडकीतून हात केला. लग्नाच्या वर्षीसुद्धा असा केला नव्हता!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन नट, एक दोरा, माझा गळा. बांबूनं आरसा आणून धरला. मावशीनं दोन दिवसांचं राखलेलं हसू एकदम बाहेर काढलं — शेजारचा शिंपी बघायला आला. चहा दोनदा. म्हटलं, हसा रे, बरंच साचलंय तुमचं.

भिंतीवरच्या अक्षरांना आज नवा रंग दिला. जेवलो व्यवस्थित. तिसरी पोळी मागून घेतली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज एकही विसरलो नाही. डझनभर नवे चिमटे, लाल. हे तिला सांगायला बसथांब्यावर उभा होतो — तर ही उतरली ती गळ्यात नट घालून! मुलींनी घालायला लावला म्हणे, मॅडम असली म्हणून काय झालं. "सकाळी पहिलीच केबल हातात घेतली आणि मनात आलं, यांनी ओवला असेल का? तेवढ्यात माझाच राहिला."

मी हसलो नाही. तिच्या गळ्यातला दोरा काढला आणि तिथंच, सगळ्या थांब्यासमोर, माझ्या गळ्यात घातला. नियम म्हणजे नियम — ज्याची चूक, त्याच्या गळ्यात.