खालचं काढत जा

प्रिय सुजाता,

आधी तक्रार. तुझ्या काचघराच्या दाराबाहेर काढून ठेवलेली माझी डावी जँडल, म्हणजे इकडची रबरी चप्पल, शेजारच्या कुत्र्यानं पुन्हा पळवली. नेहमी डावीच! उजवीत त्याला काय खोट दिसते, तोच जाणे. परिणामी तुझा नवरा, संस्कृतचा एम.ए., हिल्सबरोच्या ऐन हिवाळ्यात एका पायानं संसारी आणि एका पायानं संन्यासी असा उभा होता. आणि हे कशासाठी? तर तुझ्या आज्ञेसाठी.

ती आज्ञा जँडलबद्दल नव्हतीच, हे मला काल कळलं. म्हणून हे पत्र.

पत्र लिहिणं आपल्या नियमात बसत नाही, ठाऊक आहे. आपण आत्मा मानत नाही. त्यामुळे तुझी परत यायची सोय नाही आणि माझ्याकडे पत्ता नाही. इस्पितळात मी म्हणालो होतो, "भूत होऊन यायची परवानगी नाही हं तुला." तू म्हणालीस, "मग तूही हाका मारत बसू नकोस." मी बसलो. पेनरोजच्या गोदामात कामाला जाण्याआधी रोज सकाळी काचघरात, तुझ्या त्या कोकोच्या झाडापाशी.

काय वेड होतं तुझं! बेटाबेटांवर फिरून लोकांच्या परसातली जुनी कोकोची झाडं हुडकायचीस. एकदा तर पार ॲमेझॉनच्या रानात, रानटी झाडांच्या मागे. फळ केवढं, त्याच्या पन्हळी किती खोल, कोवळं पान हिरवट की लाल, बी कापल्यावर आत पांढरं की जांभळं. मी म्हणायचो, "मुलगी बघायला गेल्यासारखं काय बघतेस झाडाला?" तुझं उत्तर असायचं, "मुलीला नाव विचारतात. मी झाडाला विचारते, तू खरंच तीच का? पाटीवर जाऊ नये. पाट्या आपण लिहितो."

हे झाड सामोआतल्या एका आजीच्या परसातलं. त्याला तू 'म्हातारी'च म्हणायचीस. नागपूरहून तुझ्या आई राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी फणकारल्या होत्या, "काहून व सुजे, मलेच म्हणतेस का म्हातारी?" किती हसलीस तू! मग त्यांना समजावलंस की कोकोचं बी डब्यात भरून ठेवता येत नाही. वाळवलं की मरतं, गारठ्यात ठेवलं की मरतं. जात राखायची तर झाडच जितं ठेवावं लागतं. एका झाडाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, काढून दुसऱ्याच्या खुंटावर भरायचा, आणि खुंटानं त्याला आयुष्यभर खांद्यावर वागवायचं. तुमचं संशोधन-काचघर बंद झालं तेव्हा सगळे सोपस्कार उरकून डोळा भरलेलं हे एक रोप घरी आलं. पुढे सामोआत वादळ झालं आणि आजीचं मूळ झाड उभं आहे की पडलं, हे नीट कुणीच सांगेना. "म्हणजे म्हातारी आता आपल्याकडेच," असं म्हणून तू पाण्याचा झारा उचललास, ते मला अजून दिसतं.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी तुला बोलताना दम लागत होता. काचघराच्या दारावर वाफ धरली होती, तिच्यावर तू बोटानं लिहिलंस : खालचं काढत जा.

ती अक्षरं गेली नाहीत, सुजाता. काच कुणी पुसली नाही, पुसू दिली नाही. थंड सकाळी वाफ धरली की ती पुन्हा उमटतात, तुझ्या त्या ढगळ 'ढ'सकट. पहिल्यांदा उमटली तेव्हा मी दाराशी तसाच गारठत उभा राहिलो. मागून आई म्हणाल्या, "जावईबापू, पायातलं काढा म्हणते ते."

आणि मी व्याकरण काढलं! चप्पल स्त्रीलिंगी, म्हणजे 'खालची' हवं होतं; 'खालचं' म्हटलंय तेव्हा पायताण अभिप्रेत असावं. आईंना पटलं, मलाही पटलं. तेव्हापासून आम्ही दाराबाहेर जँडल काढून, विहारात जावं तसे आत जातो. आई झाडाला "उठली का माय" म्हणतात. आपली लेक मित्रा शनिवारी 'ते रापा' गावाहून येते, तीसुद्धा मोजे काढून आत शिरते, आणि झाडाला हळूच "हाय मम्मा" म्हणते. आपण मेलो की झाड होतो, असं कुठल्याही ग्रंथात नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तुला निरोप देऊन घरी आलो त्या दिवशी झाडाला पालवी फुटलेली होती. तू आजारी होतीस तेव्हा काचघराकडे कुणी फिरकलं नव्हतं, हीटर बंद पडलेला, आणि तरी तांबूस, लखलखीत पानं! आई तिथंच खाली बसल्या. म्हणाल्या, "आली."

म्हातारीचं कोवळं पान फिकट हिरवं असतं, हे तू मला जेवताना सांगितलं होतंस. मी तेव्हा 'पालवी' शब्दाची व्युत्पत्ती सांगत होतो.

यंदा मित्रानं तुझ्या ब्रशनं या फुलाचे पराग त्या फुलाला लावले आणि खोडालाच एक फळ धरलं. धरलं तेच लाल. म्हातारीचं फळ हिरवं धरतं, गुळगुळीत असतं, पिकून पिवळं होतं; हे तर आईंनाही पाठ. पण आम्ही म्हणत राहिलो, लहान आहे, बदलेल. आई म्हणाल्या, "लाल आलं त आलं. तिले लाल आवडे." काल ते पिकलं. नारिंगी. नांगरटीसारख्या खोल पन्हळी.

मित्रा वाकून बुंधा बघत होती. म्हणाली, "डॅड, कम हिअर."

तू डोळा भरलास तो सांधा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. त्याच्या वर वीतभर काळं, वाळलेलं लाकूड. नखानं खरवडून बघितलं, कुठेही हिरवं नाही. आणि आम्ही ज्याच्याशी बोलत होतो ते सगळं झाड सांध्याच्या खालून फुटलेलं. खुंटाचं. तू गेलीस त्याच हिवाळ्यात म्हातारीही गेली होती.

खालचे फुटवे काढत जा. एवढंच म्हणायचं होतं ना तुला?

मित्रानं ते वाळलेलं लाकूड बोटानं चाचपलं. मग म्हणाली, "सो हू हॅव वी बीन टॉकिंग टू?"

दारावरची अक्षरं तेव्हा दिसत नव्हती. ऊन होतं. तरी मी तिकडे पाठ करून उभा राहिलो.

आता एक थट्टा, कारण नाही केली तर तुला वाटेल हे पत्र दुसऱ्याच कुणी लिहिलंय. 'खालचं काढत जा' हे वाक्य आपल्या दोघांच्या घराण्यांत कुणी कुणाला सांगू नये, बाई! खुंटाचं हे झाड कुठल्या फळातल्या बीचं, ते कुणी नोंदलं नाही. दुसऱ्याला खांद्यावर घ्यायला लावलेलं, अंगावरचं ओझं मेल्यावर ते आपलं आपण उभं राहिलं आणि फळलं. त्याला कूळ विचारायला मी कोण? मी ते कापणार नाही. चिडायचं तर चिड.

पण झाडाची पाटी बदलेन. 'म्हातारी' पुसून 'खुंट' लिहीन, आणि त्याआधी आईंना सांगेन. उद्या सकाळीच, चहा झाल्यावर. त्या पुन्हा "तिले लाल आवडे" म्हणाल्या तर काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत मित्राला घेऊन सामोआला जाईन, आजीचं परस शोधेन. वचन देतो, पहिलं पिवळं फळ दिसलं म्हणून 'हीच ती' म्हणणार नाही. पान बघेन, पन्हळी बघेन, बी कापून बघेन. नसलीच तिथे, तर नाही असं येऊन तुला सांगेन.

भीती झाडाची नाही, सुजाता. रोज सकाळी मी तुझ्याशी बोलतो आणि तू उत्तर देतेस. काल रात्रभर आठवून पाहिलं. किती तरी दिवसांत तू मला एकदाही "चूक" म्हणाली नाहीस. माझ्या प्रत्येक विनोदाला हसतेस. माझंच म्हणणं, माझ्याच शब्दांत, तुझ्या आवाजात सांगतेस.

तू अशी नव्हतीस. आणि जशी होतीस, ती मला आता नीट ऐकू येत नाही.

तुझा,
मिलिंद