उभ्याने बैठक

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच आडवा पडून लिहितो आहे, मांड्या उभं राहू देत नाहीत. कारण खाली येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा तुमच्यावरचा राग उतरला का? इकडे सगळे ठीक, माझे पाय सोडून.

दवाखान्याच्या नव्या मजल्याचं काम माझ्या गळ्यात पडल्याचं कळवलं होतंच. दर सोमवारी सकाळी मी सगळ्यांना बसवून आठवड्याचं काम ठरवत असे. म्हणजे वायरमन मेव्हण्याच्या गाडीची कथा सांगत असे, प्लंबर प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल" म्हणत असे, नकाशेवाल्या बाई घड्याळाकडे बघत, आणि दोन तासांनी उठताना सुतार हळूच विचारी, "मग या आठवड्यात करायचं काय?" शेवटी साहेबांनी बजावलं, की येत्या शुक्रवारपर्यंत ठरलेलं काम झालं नाही तर मजला दुसऱ्याकडे जाईल. मामा, नऊ वर्षांनी मिळालेली ही पहिली जबाबदारी. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेव्हा तुमचा सल्ला आठवला, की बैठक उभ्याने घ्यावी, लवकर संपते. तातडीने फळ्यावर लिहिलं, "सोमवार, साडेनऊ. उभ्याने बैठका. प्रत्येकी तीनच." (तीनच मुद्दे, असं म्हणायचं होतं. पण फळ्याची खालची बाजू सुताराच्या मापांनी भरलेली, आणि तो पुसू देईना.)

सोमवारी बघतो तर प्लंबर अर्ध्या चड्डीत, वायरमन बुटांच्या नाड्या आवळतोय आणि सुतार म्हणतो, "दादा, तीन कशाला, तीस काढू की!" चूक कबूल करावी तर उरलीसुरली अब्रू जाणार. मी बाह्या सरसावल्या. बाई तेवढ्या खुर्चीत बसून मोजत होत्या, आणि मोजता मोजता एकेकाला कामाचं विचारत होत्या. मामा, बाराव्या बैठकीला माणसाला थापा मारायला श्वासच उरत नाही हो! प्लंबरच्या तोंडून नेहमीचं "होऊन जाईल" निघेना. तो एवढंच म्हणाला, "भिंत... फोडलीच नाही." वायरमन मटकन खाली बसला, कारण तो त्याच भिंतीतून वायर ओढायला निघाला होता. नऊ मिनिटांत आठवडा ठरला आणि शुक्रवारी ठरलेलं सगळं झालं. साहेब माझ्यावर बेहद्द खूश आहेत.

तुमचा (अजून आडवाच)
भाचा

ता.क. साहेबांना मी ठोकून दिलंय, की चूकबिक काही नाही, ही पद्धत माझ्या मामांची, म्हणजे तुमचीच, कारखान्यात तुम्ही तीस वर्षं हेच केलंत. खात्री करायला ते तुम्हाला फोन करणार आहेत. फक्त "हो" म्हणा. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

आणखी ता.क. उशीर झाला. फोन मामींनी घेतला आणि सांगून टाकलं, "आमच्या ह्यांना खाली पडलेला चष्मा वाकून उचलता येत नाही, बैठका कुठल्या!" साहेब पोट धरून हसले म्हणे. मग मला बोलावलं. मजला काढून घेतला नाही, जीव भांड्यात पडला. फक्त म्हणाले, "यापुढे बैठक बाई घेतील. तुम्ही काढत राहा."