टिंबं पुसट लागतात

दि. ४ जानेवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण टिंबं अगदी पुसट. दाभण टोचायला अंगात जोर नाही का रे? माझे कान-डोळे गेले तेव्हा तू पाचवीत होतास, तरी यापेक्षा ठसठशीत ब्रेल लिहायचास. आमच्या ब्रेल छापखान्यातला कागदही हल्ली असाच येतो. परवा मी तपासलेल्या पानात दोन चुका राहिल्या.

बोटांना मुंग्या येतात म्हणून ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्यात. नसांना चांगल्या असतात. एकीने भागेना, म्हणून गेले सहा महिने रोज तीन घेते. घाबरू नकोस, जीवनसत्त्वच आहे. तुझ्या बायकोला गरोदरपणी मळमळीवर डॉक्टरांनी हेच दिलं होतं. छापखान्यात मात्र बोलू नकोस, माझी शपथ आहे. मुद्रितं तपासणारीची बोटं बिघडली तर तिला कोण ठेवील?

लोभ आहेच, जोरही वाढव.
तुझी ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अंध शाळेतल्या गुरुजींना माझा एक कागद दाखवला. ते म्हणाले, टिंबं खणखणीत आहेत. ताई, दोष कागदाचा नाही.

डॉक्टरांना विचारलं. हे जीवनसत्त्व रक्ताला, नसांना लागतं, पण थोडंसं. बहुधा जेवणातूनच मिळतं. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्याच नसा बधिर होतात, आधी हातापायांची बोटं. गोळ्या आजच्या आज बंद कर, डॉक्टरांकडे जा. तू शपथ घातलीस म्हणून छापखान्यात फोन केला नाही.

उलट टपाली कळव, जीव टांगणीला लागलाय.
तुझा ठोंब्या

दि. १९ जानेवारी

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं 'ताई' एवढंच लागलं. पुढे कागद गुळगुळीत. मग ओठांनी वाचून पाहिलं. टिंबं टोचली, म्हणजे ती आहेत; अक्षरं मात्र जुळेनात. मी फार भ्याले आहे. ही बोटं गेली तर माझ्याशी कोण, कुठून बोलणार?

कुणाला वाचायला द्यावं तर बिंग फुटेल. बोटं लवकर सुधारावीत म्हणून कालपासून पाच गोळ्या घेते.

दाबून लिही रे बाबा.
ताई

दि. ३० जानेवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

शपथ मोडून फोन केलास, बरं केलंस. छापखान्यातल्या मोठ्या बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि पाठीवर थोपटू लागल्या. वाटलं, नारळ देतायत. मग कळलं, त्या बोटाने अक्षरं काढतायत, आपण शाळेत गिरवायचो तशी. गो. ळ्या. बं. द. तुझं सगळं पत्र त्यांनी असं पाठीवर उतरवलं. मी ढसाढसा रडले.

नोकरी आहे, तूर्त पानं जुळवायचं काम दिलंय. डॉक्टर म्हणतात, गोळ्या थांबल्या तरी काही आठवडे बधिरपणा वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो. पूर्ण उतरेलच, असं सांगता येत नाही. सकाळी उठले की आधी चादर चाचपते. आज तीही कळली नाही.

आता पत्र पाठवू नकोस, तूच ये. माझी पाठ रुंद आहे, दोन पानं सहज मावतील.

तुझी ताई